धिस इज माय इअर

"मम्मी, पाणी."

अनुजाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भाजी चिरत राहिली.

"मम्मी, पाणी दे की!"

"हाऊ डू वी आस्क?"

पाच वर्षांची राजनंदिनी ओट्याला टेकून उभी होती. ओठ सुकलेले, कपाळावर आठवायची आठी. शेवटी तिला सापडलं. "वॉटर प्लीज."

"व्हेरी गुड!" अनुजाने लगेच पेला भरून दिला आणि वर गालाचा पापाही घेतला.

मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत शाळा सुरू झाल्यापासून हाच कायदा होता. पालकसभेत मॅडमनी बजावलं होतं, 'घरात मराठी बोललात तर मुलांचं इंग्लिश विसरा.' अनुजाने मनाशी खूणगाठच बांधली. दारावर, आरशावर, डब्याडब्यावर इंग्लिश नावांच्या रंगीत चिठ्ठ्या लागल्या. आणि इंग्लिशमधून सांगितलं तरच मम्मी ऐकणार, असं ठरून गेलं.

यात दुष्टपणा नव्हता हो! वारणानगरच्या कॉलेजात बी.कॉम. पहिल्या वर्गात पास झालेली ही मुलगी. लग्नानंतर एका ऑफिसात मुलाखतीला गेली. 'टेल अस अबाउट युअरसेल्फ,' म्हणाले. काय सांगायचं ते सगळं माहीत होतं, पण तोंडून शब्द फुटेना. टेबलापलीकडचं कुणीतरी हसलं. ते हसू तिच्या मनातून गेलंच नाही. माझ्या लेकीला असं कुणी हसू नये, एवढंच तिला हवं होतं.

खालच्या मजल्यावर मदिना मुजावर राहायच्या. हयातभर सरकारी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. अख्खी गल्ली त्यांना 'बाई' म्हणायची. एकदा राजनंदिनी, सगळ्यांची नंदू, जिन्यात पडली. गुडघा फुटला, आणि पोरगी हुंदके देत आईसाठी इंग्लिश शब्द शोधत उभी राहिली. बाईंनी ते पाहिलं.

"अगं, आधी उचल की तिला! इंग्लिश काय पळून चाललंय व्हय?"

"बाई, तुम्ही स्वतः इंग्लिशच्या, आणि तुम्हीच असं म्हणता?"

"म्हणून तर सांगतोय. किती पोरं गेली माझ्या हाताखालनं! जे आईजवळ मोकळं बोललं, त्येच पुढं इंग्लिशबी बोललं. भ्यालेल्या पोराला आपली भाषा फुटत न्हाय, सायबाची कुठनं फुटणार?"

"तुमचा काळ वेगळा होता, बाई," असं म्हणून अनुजा हसली आणि वर निघून गेली. मनात म्हणाली, ह्यांची नातवंडं पुण्यात इंग्लिश शाळेत, आणि शहाणपण आम्हाला!

गणपतीच्या मिरवणुकीत भिजून नंदूला सर्दी झाली. सर्दी गेली, पण पोरगी गप्प गप्प झाली. जेवण कमी झालं. शाळेतून आली की उजवा गाल उशीत दाबून पडायची. 'शाळेनं दमतंय लेकरू,' अनुजाला वाटायचं.

एका संध्याकाळी अनुजाचा नवरा अमरसिंह फौंड्रीतून लवकर आला आणि मायलेकींना घेऊन दूध कट्ट्यावर गेला. समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध म्हणजे नंदूचा जीव की प्राण. त्या दिवशी तिने पेला तोंडाला लावला नाही.

"काय गं, दूध नको व्हय माझ्या वाघिणीला?" बापाने विचारलं.

नंदूने आधी आईकडे पाहिलं. मग उजव्या कानावर हात ठेवून हळूच म्हणाली, "धिस इज माय इअर."

आजूबाजूची माणसं कौतुकाने वळली. अनुजाचा ऊर भरून आला. "व्हेरी गुड! अँड धिस?" तिने नाकाला बोट लावलं.

"धिस इज माय नोज." पोरीचे डोळे भरले. हात परत कानावर गेला. "मम्मी, इअर. माय इअर."

"येस, येस, इअर! अँड दीज आर?"

"आइज."

"काय फाडफाड बोलतंय वो लेकरू!" धार काढणारा गवळी म्हणाला. "पावणं, कलेक्टर हुतीया बघा तुमची पोरगी!"

अमरसिंहने हसून मिशीवरून हात फिरवला. अनुजाने बक्षीस म्हणून चॉकलेट घेऊन दिलं. घरी येईपर्यंत ते नंदूच्या मुठीत वितळून गेलं. तिने खाल्लंच नाही.

पुढच्या रविवारी सकाळी अनुजा अंथरुणं काढायला गेली, तर नंदूच्या उशीवर पिवळट डाग, मधोमध रक्ताचा ठिपका. तिने पोरीच्या अंगाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. कानामागे सूज टम्म झाली होती.

"नंदू! काय होतंय, बाळा? सांग की गं!"

घाबरल्यावर आईच्या तोंडी मराठीच आली. पण लेक सवयीने पुटपुटली, "आय ॲम फाइन, थँक्यू."

अमरसिंह सकाळच्या पाळीला गेलेला. आरडाओरडा ऐकून बाई धावत वर आल्या. त्यांनीच रिक्षा थांबवली, त्यांनीच पोरीला मांडीवर घेतलं.

डॉक्टरांनी तपासलं. त्यांचा चेहरा उतरला. "इतके दिवस काय करत होता? पू साठून पडदा फाटलाय. कानामागच्या हाडापर्यंत गेलंय. ऑपरेशन लगेच करावं लागेल. पोरगी वाचेल. उजवा कान पहिल्यासारखा ऐकेल असं मात्र मी सांगणार नाही." मग ते नंदूजवळ वाकले. "बाळा, दुखतंय म्हणून मम्मीला का नाही सांगितलंस?"

नंदूने भीत भीत आईकडे पाहिलं.

"मला दुखतंयचं इंग्लिश येत न्हाई."

अरेरे! पाच वर्षांच्या जिवाला ॲपल येत होतं, अंब्रेला येत होतं, मोराला काय म्हणतात तेही येत होतं. पण ज्या शब्दाने आई धावत येते, तो तिला कुणी शिकवलाच नव्हता. आणि जो येत होता, त्याला घरात बंदी होती!

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर अनुजा बाकड्यावर कोसळली. "बाई, सांगितलं होतं हो तिनं मला! चार माणसांत, कान धरून सांगितलं. आणि मी तिला नाक विचारलं!"

'मी म्हटलं नव्हतं का?' असं बाई म्हणाल्या नाहीत. बराच वेळ त्यांनी तिची पाठ थोपटली.

"पोरी, इंग्लिश शिकवलंस ही चूक न्हाय. शिकवायलाच पायजे. तुझं नडलं, तिचं नडू नये. पण शब्द म्हंजे हाक असती गं. लेकरानं हाक मारायची, आईनं ओ द्यायची, त्यातनं भाषा येती. मग ती कुठलीबी असू दे. तू ओ द्यायच्या ऐवजी मार्क देत बसलीस. मार्क द्यायला शाळेत मास्तरीण हाय की! घरात तेवढी आई राहा."

"आता काय करू, बाई?"

"ऐक. दुसरं काय?"

नंदू वाचली. ताप उतरला, टाके निघाले. उजव्या कानाने मात्र साथ दिली नाही. आता संध्याकाळी ती खाली बाईंकडे जाते. बाई आधी तिच्या दिवसभराच्या गप्पा ऐकतात आणि तिच्याच गप्पांतले शब्द इंग्लिशमध्ये सांगतात. दुखतंय म्हणजे 'इट हर्ट्स'. भीती वाटते म्हणजे 'आय ॲम स्केअर्ड'. जवळ ये म्हणजे 'कम टु मी'.

दवाखान्यातून घरी आल्या दिवशीची गोष्ट. अनुजा तिच्या उशाशी बसली होती. नंदूने छताकडे बघतच विचारलं, "मम्मी, मराठीत सांगू?"

"सांग, बाळा, सांग!" अनुजा कळवळून म्हणाली.

पोरगी तशीच वाट बघत राहिली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. "मम्मी, सांगू का मराठीत?"

मग अनुजाच्या लक्षात आलं. ती उजव्या बाजूला बसली होती! उठली, पलंगाला वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि लेकीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "सांग. कशातबी सांग."

आयांनो, बाबांनो, इंग्लिश आपल्या लेकरांना जरूर येऊ दे. त्याचे शब्द, त्यांचे अर्थ, सगळं शिकवूया. पण लेकरू ज्या भाषेत हाक मारेल, त्या भाषेत आधी ओ देऊया. अनुजा आजही लेकीशी बोलायचं झालं की वळसा घालून डाव्या बाजूला जाते. तो वळसा तुमच्या-माझ्या वाट्याला न येवो!