चिंधी बांधलेला टोमॅटो

दुसऱ्या मजल्यावर पोचतानाच रिद्धीने ओळखलं, की वर काहीतरी झालंय. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एवढी माणसं दोनच कारणांनी जमतात, पाणी गेलं तर किंवा कोणी गेलं तर. पाणी सकाळीच येऊन गेलं होतं. दप्तर सावरत ती उरलेल्या पायऱ्या उड्या मारत चढली आणि पाहते तर काय, सगळे तिच्या बादलीभोवती गोल करून उभे!

रंगाच्या त्या जुन्या बादलीत तिचं टोमॅटोचं झाड होतं आणि झाडाला एकच टोमॅटो उरला होता. तो एकच म्हणजे काय, हे त्या घोळक्यात तिच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? बदलापूरच्या पलीकडे, जनीआत्याच्या परसात हे गावठी टोमॅटो व्हायचे. लहान, चपटे, अंगावर घड्या पडलेले, आणि आंबट इतके की सुकटीत एक टाकला तर कोकम लागत नाही. आत्याच्या सासूच्या वेळेपासून त्याच झाडांचं बी धरायचं आणि पुढच्या वर्षी तेच लावायचं, असं चाललेलं. मग परसात गाडी लावायला पेव्हर ब्लॉक बसले. घर आवरताना बियांची पुडी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. राहिलं ते रिद्धीने हौसेने अंबरनाथला आणलेलं हे रोप. त्याचे टोमॅटो घरातल्यांनी मिटक्या मारत खाल्ले, पोपटांनी खाल्ले, आणि शेवटचा उरला तेव्हा आत्याचा फोन आला.

"बाय, त्यो आता तोरू नको. बियाला राख. त्याला चिंधी बांध, मंग घरातला कोनी हात लावत नाय."

रिद्धीने मम्मीच्या जुन्या ब्लाउजची लाल पट्टी फाडून देठाला बांधली. आणि खरंच, मम्मी एरवी भाजीला काही कमी पडलं की सरळ बादलीकडे जायची, ती आता नुसती बघून परत फिरायची. चिंधीचा मान घरात ठेवला जात होता. पण गॅलरी काही एका घराची नव्हती.

"ही बघा, आली!" शेजारच्या संजीवनीकाकू म्हणाल्या. "हिलाच विचारा."

"काय झालं काकू?"

"काय झालं? परवा माझा मिक्सर जळला. काल आमचा हितेश बाईकवरून पडला, हाताचं हाड मोडून घेतलं. आणि आज अमावास्या. आता तूच सांग, हे काय आहे?" काकूंनी लांबूनच बोट दाखवलं. "लाल चिंधी. राख. अंड्याची टरफलं. आणि खोडाला हळद! माझ्या दारासमोर!"

रिद्धीने बादलीकडे पहिल्यांदाच काकूंच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. पानांवर माव्याची कीड पडली म्हणून राख टाकलेली, तीही होळीची. टरफलं खताला. खोड चिरलं होतं, म्हणून व्हिडिओत बघून हळद लावलेली. करणी करणाऱ्याने ठरवून केलं असतं तरी एवढं सगळं जमलं नसतं.

"काकू, हे खत आहे हो! आणि ही हळद म्हणजे मलम."

"आणि चिंधी?"

"चिंधी म्हणजे... फळाला कोणी हात लावू नये म्हणून."

"ऐकलंत? ऐकलंत ना सगळ्यांनी? हात लावू नये म्हणून बांधलंय, स्वतःच्या तोंडाने बोलली!"

हिरामणकाका सोसायटीचे सेक्रेटरी. कपडे वाळत घालायची काठी घेऊन ते पुढे झाले. "हे बघ बेटा, मी असलं काही मानत नाही हां. पण लोकांच्या मनात आलंय ना, तर विषयच कट करू. बादली खाली नेऊन टाकू."

"मग उचला की," मागून कोणीतरी म्हणालं.

हिरामणकाकांनी बादलीकडे पाहिलं. "उचलली असती. पण माझी कंबर..."

बाकीच्यांच्याही कंबरा अचानक दुखायला लागल्या असाव्यात. कोणी जागचं हललं नाही.

मम्मी पिठाच्या हातांनीच दारात आली. "रिद्धी, जाऊ दे ना. पप्पा आनंदनगरच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून येतील, त्यांच्या डोक्याला ताप नको. दुसरं रोप आणू आपण नर्सरीतून."

"हे नर्सरीत मिळत नाही, मम्मी. हे कुठेच मिळत नाही आता."

गेल्या वर्षीची रिद्धी असती तर एव्हाना आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडली असती. पण यंदा तिने शाळेच्या वादविवाद स्पर्धेत आवाज काढला होता, पार शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला, आणि तेव्हापासून तो आवाज काही केल्या आत जायला तयार नव्हता.

"बादली इथून हलणार नाही," ती म्हणाली.

"अगं, फक्त जरा बाजूला..." म्हणत हिरामणकाकांनी काठीने बादली जिन्याकडे ढकलली. बादली लादीच्या कडेला अडकली आणि आडवी झाली. कट्, असा बारीक आवाज आला. हळद लावलेल्या जागीच खोड मोडलं होतं.

काकांनी काठी पाठीमागे लपवली.

रिद्धी खाली बसली. टोमॅटो अजून फांदीलाच होता, पोटाला लाल आणि देठाशी हिरवा. तो झाडावरच मऊ होईपर्यंत राखायचा होता. आता झाडच नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते या अर्धवट पिकलेल्या फळाच्या पोटात होतं. तिने टोमॅटो तोडला.

"हात नको लावू गं!" काकू ओरडल्या. "नाल्यात टाक तो!"

रिद्धी आत गेली, टोमॅटो धुतला, एक वाटी घेतली आणि बाहेर येऊन बरोब्बर सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसली.

"काकू, करणीचं फळ खाल्लं तर काय होतं?"

"भलतंसलतं बोलू नको!"

तिने कचकन चावा घेतला. अर्धा कच्चा गावठी टोमॅटो तो! डोळे गच्च मिटले, मान वाकडी झाली, खांदे कानाला लागले.

"अगं बाई, पोरगी गेली!" काकूंनी मम्मीचा दंड धरला. "माधवी, पाणी आण, पाणी!"

"आंबट आहे," रिद्धी कशीबशी म्हणाली आणि तोंडातल्या बिया पुक्कन वाटीत थुंकल्या.

"शी! हे काय आता?"

"बिया. एक पण गिळणार नाहीये मी."

चावायचं, चोखायचं, थुंकायचं. अख्खा टोमॅटो तिने असा संपवला, सालासकट. मग ओठ पुसून म्हणाली, "झालं. आता मी इथेच बसते. तुम्ही पण बसा. मला काय होतंय ते सगळे मिळून बघू."

काय व्हायचं होतं? तिला एक ठसका लागला, तेवढंच. कोणाच्या कुकरची शिट्टी झाली, कोणाची मालिका लागायची वेळ झाली, आणि एकेक करत गॅलरी रिकामी झाली. काकू सगळ्यांत शेवटी गेल्या, मागे वळून वळून बघत.

खरी लढाई त्यानंतरची होती. बियांभोवतीचा बुळबुळीत गर सुटावा म्हणून त्या पाण्यात आंबवायच्या असतात. रिद्धीने काचेचा ग्लास मोरीच्या खिडकीत ठेवला, वर फडकं बांधलं. पुढे काय वास सुटला म्हणता! पप्पांनी मेलेला उंदीर शोधायला कपाट सरकवलं. मम्मीने ग्लास ओतायला उचललाही होता, पण रिद्धी मधे उभी राहिली. "मम्मी, तुझं दही लागतं तेव्हा मी काही बोलते का?"

"माझ्या दह्याला असा वास येतो?" मम्मी म्हणाली, पण ग्लास खाली ठेवला.

वर पांढरी साय धरल्यावर तिने सगळं चहाच्या गाळणीत घेऊन खळखळून धुतलं आणि स्वच्छ पाण्यात सोडलं. चांगलं बी तळाला जातं, पोचट वर तरंगतं. रिद्धी बघत राहिली. जवळजवळ सगळं तरंगलं. तळाला गेलं ते चिमूटभर.

तिने आत्याला फोन लावला.

"कवल्या फलाचा बी त्यो," आत्या म्हणाली. "उगवला त उगवला."

"उगवणार."

"तू सांगशील तसा उगवंल काय त्यो?"

"हो!"

आत्या खो खो हसली. पण फोन ठेवताना हळूच म्हणाली, "उगवला त मना पयला सांग, बाय."

स्टीलच्या ताटलीवर वाळवलेलं बी तिने दह्याच्या डब्यांत पेरलं. तरंगलेलं फेकायचं असतं, पण तिने तेही एका वेगळ्या डब्यात टाकलंच. वार्षिक परीक्षेचा अभ्यास एका डोळ्याने चालायचा, दुसरा डोळा डब्यांवर. माती सुकू द्यायची नाही, चिखलही होऊ द्यायचा नाही. दिवसांमागून दिवस गेले. एक बी तिने टाचणीने उकरून पाहिलं, तर ते कुजलेलं. पण पाणी शिंपडलंच.

भूगोलाच्या पेपराच्या सकाळी मातीतून एक मान वर आली होती, पांढरट, वाकलेली, दोऱ्याएवढी. रिद्धीची किंकाळी ऐकून पप्पा अर्ध्या दाढीने धावत आले. पाठोपाठ आणखी काही रोपं आली. आणि फेकायच्या बियांच्या डब्यात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, एक!

रोपांना खरी पानं फुटली तेव्हा रिद्धीने एक गोष्ट पक्की ठरवून टाकली होती. सगळं एका बादलीत ठेवायचं नाही. एका बादलीचं काय होतं ते तिने पाहिलं होतं. दोन रोपं आत्याकडे गेली, पेव्हर ब्लॉकवर ठेवलेल्या घमेल्यात. एक शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना. एक हिरामणकाकांच्या दारात नेऊन ठेवलं, तर त्यांनी मुकाट्याने घेतलं. मग तिने काकूंचं दार वाजवलं.

"हे तुमचं, काकू. याची फळं तुम्ही खा, पण पहिलं बियाला ठेवायचं."

"माझ्या घरात नको ती ब्याद!"

"मला दे," आतून हितेश आला, प्लास्टर गळ्यात अडकवलेला. "एका हाताने पाणी घालता येतं."

त्याने डबा घेतला आणि लगेच नळाखाली धरला. काकू दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पाणी काठोकाठ चढलं तेव्हा त्यांना राहवेना.

"अरे मेल्या, बुडवतोस की काय त्याला? आण इकडे!"