ताट उलटून पाहिल्याची शिक्षा

माझ्या आतल्या बाजूला, काठापासून बोटभर खाली, एक तपकिरी वर्तुळ आहे. तो चहाचा डाग. नीट पाहिले, तर त्याच्या खाली आणखी वर्तुळे दिसतात. प्रत्येक वर्तुळ वरच्यापेक्षा थोडे फिकट आहे, कारण चहा दिवसेंदिवस कमी आणि पातळ होत गेला. मग एके ठिकाणी वर्तुळे संपतात. त्यानंतरही मी रोज भरला जात होतो, पण नुसत्या गरम पाण्याचा डाग पडत नाही.

मित्रांनो, मी एक जुना, पांढरा कप आहे. माझा जन्म इंग्लंडातल्या स्टोकचा. या गावाने कप, बश्या आणि ताटे यांखेरीज दुसरे फारसे काही केले नाही, आणि त्याचे कोणाला वाईटही वाटले नाही. साच्यातून निघालो तेव्हा मी नुसता वाडग्यासारखा होतो. कान लावायचे काम वेगळ्या टेबलावर चाले. तिथे ग्लिनिस शेरट नावाची, शाळा नुकतीच सोडलेली मुलगी बसली होती. तिने मातीच्या पातळ घोळात कानाची दोन्ही टोके बुडवली, श्वास रोखला आणि तो मला चिकटवला. कान तिरका बसला. भट्टीतून मी तसाच तिरका बाहेर आलो. मुकादम बाई म्हणाल्या, हा बाजारात जाणार नाही, ज्याची करणी त्याने घरी न्यावी.

ती मला घरी न नेता कारखान्यातच ठेवू लागली. जेवणाच्या खोलीत माझ्यासाठी एक खिळा होता. तिच्या मैत्रिणी मला पाहून विचारत, ग्लिनिस, तुझ्या कपाला लकवा झालाय का? तीही हसे. पुढे तिचा हात असा बसला की कारखाना पाहायला येणाऱ्यांना मुद्दाम तिच्या टेबलापाशी आणत. पाहुणे तिच्या बोटांकडे बघत आणि मी खिळ्यावरून त्यांच्याकडे बघे. माझे चांगले दिवस विचाराल, तर ते हे.

मग परदेशातून स्वस्त माल येऊ लागला. भट्ट्या एकेक करून विझल्या आणि शेवटी दाराला साखळी लागली. ग्लिनिसने मला रुमालात गुंडाळून घरी आणले. तिने शाळेत साफसफाई केली, नंतर आजारी आईचे केले. आई गेली तेव्हा ग्लिनिस साठीला टेकली होती आणि हाताला काम नव्हते. बेकारांना सरकारकडून जी मदत मिळते, ती तिला मिळू लागली. त्या बदल्यात रोजगार कार्यालयातला कॅलम नावाचा पोरगेलासा अधिकारी सांगेल तिथे तिने मुलाखतीला जायचे.

आता आमच्या गावची एक सवय सांगायला हवी, कारण सगळे रामायण तिच्यावरून घडले. आमच्याकडे माणूस कुठेही जेवायला बसला, की आधी ताट उलटे करून त्याच्या बुडाचा शिक्का वाचतो. लग्नात नवरीकडे बघण्याआधी बशीच्या बुडाकडे बघतात. इस्पितळात खाटेवर पडलेला माणूससुद्धा कप उचलून त्याच्या खाली डोकावतो. कोणाच्या कारखान्यातले, आपले की परक्याचे, एवढेच बघायचे असते. यात अपमान नसतो. ओळखीच्या माणसाला रस्त्यात पाहून मान हलवावी, तसे हे आहे.

कॅलमने तिला एका मोठ्या हॉटेलात धाडले. काम जेवणघरातले होते. व्यवस्थापक बाहेरगावचा. त्याने तिला मांडलेल्या टेबलापाशी बसवले आणि तो फोनवर बोलू लागला. ग्लिनिससमोर रिकामे ताट होते. तिने ते उलटे केले, शिक्का वाचला आणि ताट परत ठेवत म्हणाली, "हे आपलं नाही." बाहेर पाऊस आलाय म्हणावे, तशी म्हणाली. व्यवस्थापकाने फोन ठेवला, दोन प्रश्न विचारले आणि कळवतो म्हणाला. मग त्याने रोजगार कार्यालयाला कळवले की या बाईंनी आमच्या भांड्यांना नावे ठेवली, यांना काम करण्याची इच्छा दिसत नाही.

कॅलमने तिला काही विचारले नाही. तिने मुद्दाम मुलाखत बिघडवली असे ठरले आणि तिची मदत तीन महिन्यांसाठी बंद झाली. मित्रांनो, वर्गात कोणी तुमच्याबद्दल काही सांगितले, तर बाई निदान तुम्हाला उभे करून विचारतात ना, की हे खरे आहे का? इथे तेवढेही झाले नाही. मला राग येतो तो इथूनच.

त्या तीन महिन्यांत माझ्यातून आधी दूध गेले, मग साखर. मग चहाची एकच पुडी दोनदा, तीनदा बुडू लागली. शेवटी उरले गरम पाणी. ती मला दोन्ही हातांनी धरून बसे, कारण घरात तेवढीच ऊब होती. थोरली बहीण पोलीन ओटची धिरडी घेऊन आली, तर ग्लिनिस म्हणाली, आत्ताच जेवले, तू खा. आमच्या गावात भूक लागली आहे असे कोणी सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. हा मोठेपणा नाही. ही खोड आहे, आणि तिच्यापायी माणसे वाळतात. पोलीनने धिरड्यांची थाळी तशीच ओट्यावर ठेवली आणि तिकडे न बघता म्हणाली, "ग्लिन, लिहून टाक ना, चुकले म्हणून. म्हणे शिक्षा कमी होते. कागदाला कुठे लाज असते?"

"कागदाला नसेल. सही माझी आहे."

पोलीन गेल्यावर तिने धिरडी खाल्ली. दारामागे उभी राहून.

चर्चच्या सभागृहात दर गुरुवारी नेव्हिल मेचिन बसे. तो पूर्वी भट्टीवर होता आणि कामगार संघटनेतही होता. ज्यांची मदत बंद झाली, त्यांना तो फुकट सल्ला देई. ग्लिनिस तिथे जाताना मला पिशवीत घेऊन गेली, कारण कागदाच्या कपातून चहा प्यायचा म्हणजे तिच्या मते चहाचा आणि हाताचा दोघांचाही अपमान. नेव्हिलने तिच्यासाठी आधी कार्यालयाकडेच फेरविचार मागितला. तो ज्यांनी शिक्षा दिली, त्यांच्याच शेजारच्या टेबलावर झाला आणि उत्तर आले की निर्णय योग्य आहे. मग न्यायाधिकरणात अपील केले. तारीख मिळाली. त्या तारखेला रोजगार खात्याची कागदपत्रे तयार नव्हती, म्हणून ती पुढे गेली. पुन्हा पुढे गेली. शिक्षेचे तीन महिने संपून मदत पुन्हा सुरू झाली, तरी खटला उभाच होता. पोलीन म्हणाली, झाले गेले, आता सोड. पण कार्यालयाच्या यंत्रात ग्लिनिसच्या नावापुढे काम टाळणारी बाई असेच लिहिलेले होते. कान लावता लावता जिची बोटे वाकडी झाली, तिच्या नावापुढे.

अखेर पक्की तारीख आली. आदल्या गुरुवारी नेव्हिलने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उतरवला. "हे बघ, ताट स्वच्छ आहे का ते पाहत होते, असं सांग. हॉटेलच्या कामाला तेच लागतं. फारसं खोटंही नाही."

"फारसं म्हणजे किती, नेव्हिल?"

"अगं बाई, धिरड्यात मीठ घालतात तेवढं."

"मी स्वच्छ आहे का ते बघत नव्हते. कुणाचं आहे ते बघत होते. तेच सांगणार."

नेव्हिलने खुर्ची मागे सारली. मग म्हणाला, "तुझी आई अशीच होती. तिच्या एकटीच्या हट्टापायी आमचा संप आठवडाभर लांबला होता." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

सुनावणीच्या दिवशी दारावरच्या पहारेकऱ्याने पिशवी तपासली. मला बाहेर काढले आणि काय करावे? उलटे केले, शिक्का वाचला, आणि माझी मावशी याच कारखान्यात होती म्हणत अलगद परत ठेवले. ग्लिनिस त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

खोली लहान होती. न्यायाधीश बाई साध्या कोटात होत्या, केस पिकलेले, समोर चष्मा. टेबलाच्या एका बाजूला ग्लिनिस आणि नेव्हिल बसले. मी ग्लिनिसच्या मांडीवर, पिशवीतून कान बाहेर काढून. दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. खात्याकडून कोणी आलेले नाही, आपण पुढे जाऊ, असे बाई शांतपणे म्हणाल्या.

ग्लिनिसने त्या खुर्चीकडे बोट केले. "बाई, मी कार्यालयात एकदा जरी गेले नसते, तर माझं जेवण बंद झालं असतं. यांचं काय बंद होणार?"

नेव्हिलने डोळे मिटून घेतले. बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. मग त्यांनी विचारले, व्यवस्थापक लिहितात तसे तुम्ही म्हणालात का?

"म्हणाले. हे आपलं नाही, असं म्हणाले."

"का?"

"कारण ते आपलं नव्हतंच." तिने मला पिशवीसकट जवळ ओढले. "आमच्याकडे सगळेच ताट उलटून बघतात. त्यात कुणाला नावं ठेवणं नसतं. मला वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलं असेल. पण काम नको, असं मी म्हणाले नाही. त्याच ताटात वाढायला मी दुसऱ्या दिवशी पहाटे हजर झाले असते. मला कुणी विचारलंच नाही. त्या माणसानं नाही, कॅलमनं नाही, त्याच्या वरच्यांनी नाही. इतक्या दिवसांत का म्हणून विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

तिचा आवाज चढला नव्हता. पण पिशवीवरचे तिचे हात इतके घट्ट आवळले होते, की मला वाटले, आता आपला तिरका कान निखळतो.

आम्हाला बाहेर बसायला सांगितले. पोलीन बाहेर येऊन बसली होती. तिने डबा उघडून पुढे केला. या वेळी ग्लिनिस आत्ताच जेवले म्हणाली नाही. तिने बहिणीदेखत एक धिरडे घेतले आणि सगळे संपवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या कपाला जपायचे असेल, तर एक करा. थंडगार कपात एकदम उकळते पाणी ओतू नका, आधी त्याला हाताची ऊब द्या. आणि कोणाचा घास काढून घेण्याची वेळ तुमच्या हाती कधी आली, तर आधी त्याच्यासमोर बसा आणि त्याला विचारा. चूक नंतर दुरुस्त होते, हे मला सांगू नका. ते तीन महिने ती जे गरम पाणी प्यायली, ते माझ्यात होते.

दार उघडले. आम्हाला आत बोलावले. खुर्ची अजून रिकामीच होती. न्यायाधीश बाईंनी चष्मा लावला, पण समोरचा कागद वाचला नाही. त्या ग्लिनिसकडे बघून बोलल्या.

"मिस शेरट, तुम्ही काम टाळलं, असं दाखवणारा एकही पुरावा माझ्यासमोर नाही. तुमचं अपील मी मान्य करते. शिक्षा रद्द. ती कधी द्यायलाच नको होती."