मुलुंडची गंगा

अनंतानं पाय मागे ओढले, पण तोवर उशीर झाला होता. शेवंतीकाकींनी वाकून त्याच्या दोन्ही पावलांना हात लावला, ते हात कपाळाला नेले आणि गुडघ्यावर भार देत त्या सावकाश उठल्या.

“काकी, काय हे. मी पडायचं तुमच्या पाया.”

“गप रव. काशी करून इलस तू. वयाचा काय त्यात?”

काशीहून आलेला माणूस नातवाच्या वयाचा असला तरी त्याच्या पाया पडायचं, ही रीत घाटकोपरच्या त्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होती. म्हणूनच काकींच्या मागे शेजारच्या खोलीतली सुलक्षणा उभी होती आणि तिच्यामागे तिची सासू. सुलक्षणानं तर कडेवरचं मूल खाली घेऊन त्याचं कपाळ अनंताच्या अंगठ्याला टेकवलं. मूल रडायला लागलं. अनंतालाही दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं.

समोर देवांच्या फळीखाली पाटावर तांब्याचा गडू ठेवला होता. तोंडाला कथलाचा डाग देऊन बंद केलेला. त्याला हळदकुंकू लावून झालं होतं, वर जास्वंदीचं फूल वाहिलेलं होतं. त्या गडूत मुलुंडच्या नळाचं पाणी होतं.

हे माहीत असलेली माणसं तीनच. एक अनंत. दुसरा श्यामकांत, जो दाराशी उभा राहून छताचे वासे न्याहाळत होता. तिसरा नंदू, जो पोट दुखतंय असं सांगून आलाच नव्हता.

कॉलेज संपलेलं, नोकऱ्या लागायच्या होत्या, आणि श्यामकांतच्या काकांची जुनी मोटार उन्हाळाभर रिकामी उभी होती. एकदा देश बघून घेऊ, असं तिघांनी ठरवलं. मुंबई राज्य ओलांडून मध्यभारत, मग उत्तर प्रदेश. ग्वाल्हेरचा किल्ला, ताजमहाल, दिल्ली. काशी त्यांच्या बेतात नव्हतीच. ती आली काकींमुळे. निघायच्या सकाळी काकी नवा कोरा गडू घेऊन मोटारीपाशी आल्या होत्या. त्यांचे यजमान भाऊ कुर्ल्याच्या गिरणीत मागखात्यात मुकादम होते. गेल्या थंडीत उजवी बाजू गेली आणि तेव्हापासून ते खाटेवरच.

“शेवटाक ह्यांच्या तोंडात गंगा पडूक व्हयी रे,” एवढंच काकी म्हणाल्या होत्या.

अनंताची आई नेहमी आजारी. शाळेतून आला की तो काकींच्याच खोलीत जेवायचा. त्याला नाही म्हणणं शक्यच नव्हतं, आणि त्यानं इतरांनाही म्हणू दिलं नाही. दिल्लीहून वाकडी वाट करून तिघं काशीला गेले. अनंतानं स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरून गडू भरला, घाटावरच्या माणसाकडून डाग मारून घेतला. इथपर्यंत सगळं नीट झालं होतं.

परतीला विंध्य प्रदेश ओलांडून मध्य प्रदेशात आले आणि शिवनीच्या अलीकडे, एका चढावर, मोटारीच्या नाकातोंडातून वाफ यायला लागली. भर दुपार. बरोबरचं पाणी तिघांनी सकाळीच गंमत म्हणून एकमेकांच्या डोक्यांवर ओतलं होतं. खाली उतारावर गाव दिसत होतं, कौलं मोजता आली असती इतकं जवळ. नंदूनं बादलीही उचलली होती.

“बस रे,” अनंत म्हणाला, “या उन्हात कोण मरायला जातंय? पाणी आहे की आपल्याकडे.”

डाग त्यानंच उचकटला. श्यामकांत म्हणाला, संतांनी गाढवाला पाजली, आपण मोटारीला. तिघंही पोट धरून हसले. सगळ्यांत जास्त हसला तो अनंत.

पुढे पुन्हा मुंबई राज्यात शिरताना नाक्यावर दारूबंदीचा पोलीस मोटारीत डोकावला. गडूत काय म्हणून त्यानं विचारलं. श्यामकांतनं गंभीर चेहऱ्यानं ‘गंगा’ म्हणून सांगितलं, तेव्हा त्यानं टोपी काढून त्या रिकाम्या गडूला नमस्कार केला. त्यावरही ते दोन कोस हसत होते. नाशकात निदान गोदावरी तरी भरून घ्यायची, पण तिथं तिघं मिसळ खाण्यात दंग. आठवण झाली ती ठाण्याची खाडी ओलांडल्यावर. मुलुंडला रस्त्याकडेच्या नळावर अनंत गडू धरून उभा राहिला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. घाटकोपर स्टेशनाजवळच्या डबे झाळणाऱ्याकडून त्यांनी नवा डाग मारून घेतला.

बायका पाया पडून गेल्या. काकी शिरा करायला आत, ओट्यापाशी गेल्या. श्यामकांत अनंताच्या कानाला लागला.

“चल, सटकू या.”

“मी सांगणार आहे काकींना.”

“डोकं फिरलंय का तुझं? म्हातारीची वाट लावशील. तिला काय कळणार आहे? पाण्यासारखं पाणी.”

“कळणार नाही म्हणूनच सांगायला हवं ना, यार.”

“मग सांग तू. मी नाही थांबत.” आणि श्यामकांत खरोखरच जिना उतरून गेला. त्याच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत अनंत दाराशीच उभा राहिला. आपणही त्याच्या मागोमाग जावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

खाटेवरून भाऊंनी डावा हात हलवला. अनंत जवळ जाऊन बसला. भाऊंचं बोलणं आता अर्ध्याच तोंडातून यायचं, पण सवयीच्या माणसाला समजायचं. त्यांनी आधी ओट्याकडे पाहिलं, मग आवाज खाली घेतला.

“झिला, एक काम कर माझा.”

“सांगा ना, भाऊ.”

“तो गडू हंयसून ने.”

अनंताला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“माका जरा धाप लागली की ही त्या गडूकडे बघता,” भाऊ म्हणाले. “काल आणलात तुम्ही. कालपासून तीनदा बघल्यान. माका इतक्यात मरूचा नाय रे. गणपतीक आपला चेडू येतला गावाकडसून, बाळाक घेवन. नातवाक बघूचा आसा माका.”

त्यांच्या चांगल्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत असावी, कारण त्यांनी तोंड फिरवलं. गिरणीत चाळीस माणसांच्या टोळीला दरडावणारा हा माणूस गडूला भीत होता.

“तू तिका सांग. ह्या पाणी गंगेचा नाय, म्हणान सांग. वाटेत सांडला, दुसरा भरला, काय पण सांग. तुझा ऐकतली ती.”

“भाऊ,” अनंत म्हणाला, “ते पाणी खरंच गंगेचं नाही.”

भाऊंचा अर्धा चेहरा हसला.

“शाब्बास. असाच सांग. खोट्याचा पाप माझ्या माथ्यार.”

“अहो, तसं नाही. मी खरंच—”

तेवढ्यात काकी शिऱ्याची बशी घेऊन आल्या. त्यांनी ती अनंतापुढे ठेवली आणि पदरानं तोंड पुसत खाली बसल्या. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं बशीकडे बघत बोलायला सुरुवात केली. मोटार कुठे तापली ते सांगितलं. डाग कुणी उचकटला ते सांगितलं. मुलुंडचा नळ सांगितला, झाळणारा सांगितला. आपण हसलो होतो, हेही सांगितलं. काही मागे ठेवलं नाही. काकींच्या पाठीमागे भाऊ खाटेवरून हळूहळू मान डोलावत होते, पोरानं पाठ केलेली कविता बिनचूक म्हणावी तसे खूश होऊन.

काकी पदराचा काठ मांडीवर सारखा करत राहिल्या.

“गाव दिसत होता, म्हणतस?” त्यांनी शेवटी विचारलं.

“हो.”

“जवळ?”

“हो, काकी.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर अनंताला बरं वाटलं असतं. त्या बशीकडे नुसत्या बघत राहिल्या. खा असंही म्हणाल्या नाहीत.

मग त्या उठल्या. गडूवरचं फूल काढून बाजूला ठेवलं, उलथन्याच्या टोकानं डाग उचकटला. स्टेशनाजवळचं काम, ते चटकन निघालं. त्यांनी पेल्यात पाणी ओतलं.

“नळाचा तर नळाचा. ह्यांका सकाळपासून तहान लागली हा.”

त्यांनी भाऊंच्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठांशी नेला. भाऊंनी ओठ घट्ट मिटले. काकींनी पेला पुन्हा पुढे केला. भाऊंनी मान भिंतीकडे वळवली आणि डाव्या हातानं पेला असा लोटला की थोडं पाणी उशीवर सांडलं.

“नको गो,” ते म्हणाले. “नको. माका नको ती.”

काकी पेला धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग अनंताकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे.

“तुम्ही सांगितलात त्याका असा बोलूक?”

भाऊंनी डोळे मिटून घेतले. हो म्हणायची त्यांची ती जुनी पद्धत होती.

काकींचा चेहरा सैल झाला. त्यांनी पेल्यातलं पाणी पुन्हा गडूत ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत पेला उपडा धरून ठेवला. ओली बोटं डोळ्यांना लावली. मग खाटेवर बसून नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला.

“माका सांगूचा होता ना. मी काय तुमका घालवूक बसलंय? वरच्या फळीर झाकून ठेवतंय गडू. तुम्ही मागशात तेव्हाच देतलंय. नाय मागलात तर नाय.”

भाऊंनी त्यांचा हात धरला. त्या दोघांना असं बघणं बरं नव्हे, म्हणून अनंत उठायला लागला.

“बस. खंय चललस?” काकी म्हणाल्या. “खा तो शिरो. थंड झालो.”

“काकी, मी सांगितलं ते खरं आहे.”

“होय, होय. कळला माका.” काकी हसल्या, आणि त्यांचा आवाज भरून आला. “ह्यांच्यासाठी केवढा बालंट आपल्या अंगार घेतलस रे. गंगा मोटारीत ओतली म्हणान सांगलस, वर हसलंव म्हणान सांगलस. मी पण खुळी, खरा मानलंय. असा पाप कोण करता काय?”

भाऊ त्याच्याकडे बघत होते. आपल्यासाठी पोरानं किती केलं, हे त्या एका डोळ्यात स्पष्ट दिसत होतं.

अजूनही सांगता आलं असतं. शपथ घेता आली असती, नंदूला ओढून आणता आलं असतं. अनंतानं तोंड उघडलं. पण आता सांगायचं म्हणजे भाऊंची भीती परत, काकींचं ते बसून राहणं परत, असं त्यानं मनाशी म्हटलं. मनाशी म्हणतानाच त्याला कळलं, की हे त्या दोघांसाठी नाही. सुटलो, एवढंच त्याला वाटलं होतं. शिवनीच्या घाटात हसला होता त्याची त्याला लाज होतीच. या सुटल्याची त्याहून जास्त वाटली.

त्यानं बशी पुढे ओढली. शिरा चांगला झाला होता, वेलची घातलेली होती. काकींनी आणखी एक डाव वाढला, तेव्हा त्यानं नको म्हटलं नाही.