गोचिडाची लाळ

"हात लावू नको तिला!" धर्मा ओसरीवरून ओरडला.

जिजाचा हात तांबू गाईच्या कानाशीच थांबला. कानाच्या आत टपोऱ्या गोचिडांची रांग लागली होती.

"मग काय, आरती ओवाळू यांना?"

"साहेबांना शब्द दिलाय मी."

साहेब म्हणजे एव्हरशाईन सिटीच्या नव्या इमारतींतला कौस्तुभ. दूध न्यायला यायचा, मुंबईत कुठल्याशा संशोधन संस्थेत होता. गोठ्यात बसून त्याने समजावलं होतं, गोचिडाच्या लाळेत असं काही असतं की जनावराची प्रतिकारशक्ती तेवढ्यापुरती गप्प पडते. ते द्रव्य हाती लागलं, तर दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेल्या माणसांना उपयोगी पडेल. अट एकच, गाईला औषध लावायचं नाही. गोचीड रक्त पिऊन फुगायला हवेत, मग त्यांच्या लाळेच्या ग्रंथी काढता येतात.

धर्माला काय, कुणा पँटवाल्याने खांद्यावर हात ठेवला की झालं! गाईची शक्ती गप्प पडली म्हणे, आणि हिच्या धन्याचं डोकं? जिजाचा नुसता जळफळाट होत होता.

एका रविवारी तांबूने वैरण सोडली. अंग तापलं, लघवी लालभडक.

"आता डॉक्टरला बोलावते. तुमचा शब्द गेला खड्ड्यात," जिजा म्हणाली.

"सांजपर्यंत थांब. साहेब येतील, काय न्यायचं ते नेतील. मंग बोलव."

ती थांबली. लग्न झाल्यापासून थांबतच आली होती. दुपारी गाय बसली ती उठेना. तेव्हा कुठे धर्मा डॉक्टरकडे धावला. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, "गोचीडताप आहे, फार उशीर केलात," म्हणाला आणि गेला.

कौस्तुभ आला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याचा चेहरा उतरला. "काकी, असं होईल असं वाटलं नव्हतं हो मला." बराच वेळ तो घुटमळला. मग चाचरत म्हणाला, "अंग गार पडलं की गोचीड सुटून जातात. आत्ताच काढून घेतले तर..."

 जिजा गाईच्या मानेशी बसली आणि एकेक गोचीड उपटून दगडाने ठेचू लागली. कान झाले, मान झाली. कौस्तुभ बाटली घेऊन पुढे सरकला.

"राहू द्या, साहेब," धर्मा म्हणाला.

बाहेर गाईला न्यायला टेम्पो येऊन उभा राहिला. धर्मा दबकतच जवळ आला. "जिजा, गाडी आली."

"उभी राहू दे," ती मान वर न करता म्हणाली. "कास राहिलीय अजून. अशी नाय पाठवनार मी तिला."