खाली राहिलेला हात

सोफानोरकाकांना हट्टी म्हणणं म्हणजे समुद्राला ओला म्हणण्यासारखं. पुल्केमो बेटावरच्या लाकडी चर्चची किल्ली त्यांच्या घराण्याकडे, आणि किल्लीच्या बाबतीत माणूस असा चोख की नाव ठेवायला जागा नाही. पाऊस असो, वारा असो, दर रविवारी सगळ्यांच्या आधी दारात हजर. दार उघडणार, घंटा वाजवणार, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात धरून आत सोडणार. आणि प्रार्थना सुरू झाली की आपण बाहेर! कारण वेदीसमोर उभं राहून प्रार्थना सांगायची नोल्फानं, आणि नोल्फा पडली बाई.

नोल्फाला याचा असा काही राग यायचा! तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर तिनंही दोन परत दिल्या असत्या. पण हजर राहून गैरहजर असणाऱ्या माणसाचं करायचं काय? ती रीतीप्रमाणे लोकांकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून जपमाळ सुरू करायची. संपवून बाहेर यावं तर काका घंटेच्या दोरीपाशी खांबासारखे उभे.

"काय काका, झाली का विडी ओढून?" ती मुद्दाम विचारायची.

"झाली," काका म्हणायचे. "आणि तू माउलीचं गाणं फार पळवतेस बाई. चुलीवर दूध ठेवून येतेस का?"

चिलोएच्या या बेटांवर फादर काही रोज उठून येत नाहीत. कधी समुद्र नाही म्हणतो, कधी होडी नसते. तोवर रविवारची प्रार्थना सांगायची, मेलेल्याला पुरायचं, एखादं तान्हं दगावतंय असं वाटलं तर त्याला बाप्तिस्मा द्यायचा, हे सगळं फिस्कालचं, म्हणजे बेटानं आपल्यातूनच उभ्या केलेल्या माणसाचं काम. नोल्फाचे वडील मरेपर्यंत फिस्काल होते आणि ती लहानपणापासून त्यांच्या मागे होडीतून बेट न्‌ बेट फिरलेली. वडिलांना पुरून आल्यावर त्यांचा काळा लाकडी क्रूस वेदीसमोरच्या बाकावर ठेवला गेला. आता तो कुणी उचलायचा हे ठरवायला सगळं बेट उभं राहिलं. एदुलियाआजीनं नोल्फाचं नाव घेतलं, आणि भराभर हात वर झाले. एकच हात खाली राहिला.

"पोरगी गुणाची आहे," सोफानोरकाका सगळ्यांदेखत म्हणाले होते. "पण क्रूस पुरुषानं घ्यायचा. माझ्या आज्यानं तेच पाहिलं, मीही तेच पाहिलं. मला हे पटत नाही."

तेव्हाचे फादर गिटार वाजवणारे, मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी टाळ्या पिटल्या. "काळ बदलला, काका!" म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की गिटारच्या तारा उतरल्या असतील.

पुढे त्या फादरांची बदली झाली आणि फादर लिसांद्रो आले. तरुण, सडसडीत, पायघोळ काळा झगा. मिस्सेची उपासना निम्मी लॅटिनमध्ये. ख्रिस्तप्रसाद हातावर मिळणार नाही, गुडघे टेकून जिभेवरच घ्यायचा. वरच्या आळीतल्या बायकांनी पेटीतल्या जाळीच्या ओढण्या काढून डोक्यावर घेतल्या, तर खालच्या आळीतली पोरं गिटार गेली म्हणून तोंड फुगवून बसली. पण माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. होडी लागायची बिचाऱ्याला. वाटभर ओकत यायचा, पण आजाऱ्याचा निरोप गेला आणि फादर आला नाही असं कधी झालं नाही.

कांदेलारिया माउलीच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आईच्या, सणाला फादर आदल्या दिवशीच येऊन थडकले. त्या सकाळी नऊ दिवसांच्या नोव्हेनाची शेवटची प्रार्थना नोल्फानंच सांगितली होती, आणि आता चर्चच्या अंगणात बायका उद्यासाठी बटाटे किसायला बसल्या होत्या. फादरांनी नोल्फाला बाजूला बोलावलं.

"नोल्फाबाई, तुम्ही फार सेवा केलीत," ते हळू आवाजात म्हणाले. "पण उद्या मिरवणुकीत क्रूस सोफानोरकाका घेतील. यापुढेही तेच. चर्चची एक शिस्त असते. तुम्ही पहिल्या बाकावर बसा, मान तुमचाच."

पहिला बाक! नोल्फाच्या हाताला बटाट्याचा चीक लागला होता, तो ती एप्रनला पुसतच राहिली. गेल्या हिवाळ्यात बुडून मेलेल्या पोराला पुरायला ती वादळात वल्ही मारत गेली होती. त्या पोराची आई हाच क्रूस छातीशी धरून रडली होती. हा क्रूस म्हणजे तिचा बाप होता, आणि बापामागं ती स्वतः. तो गेला तर तिच्यापाशी उरणार काय?

"मला लोकांनी उभं केलंय, फादर," ती कशीबशी म्हणाली. "जे काय ते लोकांसमोर बोला."

फादरांनी खरंच सगळ्यांना बोलावलं आणि तेच पुन्हा सांगितलं. वरच्या आळीतल्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. एदुलियाआजीची किसणी थांबली. सगळ्यांच्या नजरा सोफानोरकाकांवर. जिंकला की म्हातारा!

रडायचं नाही असं ठरवून नोल्फा आत गेली, क्रूस घेऊन आली आणि काकांसमोर धरला. "घ्या काका. झालं एकदाचं तुमच्या मनासारखं."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"फादर," ते म्हणाले, "हे कुणी ठरवलं?"

"मी ठरवतोय."

"वर्षाकाठी एक होडी यायची, त्या काळात आमची मढी कुणी पुरली? फादरांनी? फादर कुठं होते ते समुद्रालाच ठाऊक! फिस्कालनं पुरली. आणि फिस्काल उभा करतो आम्ही. एकदा उभा केला की तो मेल्यावर उतरतो, नाहीतर आपल्या तोंडानं 'पुरे' म्हणाला तर उतरतो. तुम्ही जुनं जुनं म्हणता ना? मला आवडतं ते. मग हे घ्या जुनं. तुमच्या झग्याहून जुनं आहे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. काका गर्रकन वळले. "दात काढू नका! फादरांची टर उडवायला मी उभा नाही."

फादर लाल झाले होते. "पण तुम्हालाच ती नको होती! बेटभर सांगत फिरता तुम्ही."

"नको होती. आजही नको आहे. सगळ्यांचे हात वर होते, माझा एकट्याचा खाली होता. मी हरलो, फादर. हरलेल्यानं दार उघडून द्यायचं असतं, मागच्या दारानं जिंकायचं नसतं." त्यांनी कमरेची किल्ली काढून पुढे केली. "चर्च तुमचं म्हणत असाल तर ही घ्या. पण तो क्रूस माझ्या हातात देऊ नका. चोरीचा होईल."

फादरांनी किल्लीकडे पाहिलं. घेतली मात्र नाही.

"ही रीत मला ठाऊक नव्हती," शेवटी ते म्हणाले. "आणि पटली असंही नाही."

"मग आपण दोघं सारखेच," काका म्हणाले.

फादरांना हसू आलं, आवरलं तरी आलंच. "मी बिशपसाहेबांना विचारणार आहे."

"विचारा की. आम्हीही सांगू."

"तोवर मिस्सा माझी आणि मिरवणूक तुमची. नोल्फाबाई, उद्या क्रूस तुम्हीच घ्या." एवढं बोलून ते आत जाऊन वेदीसमोर गुडघ्यावर बसले.

नोल्फानं क्रूस छातीशी धरला. डोळे भरून आले ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिनं मान खाली घातली, आणि तिची नजर काकांच्या विजारीवर गेली. दोन्ही गुडघ्यांवर चिखलाचे गोल डाग. ओल्याखाली वाळलेले, वाळलेल्याखाली आणखी जुने, धुऊनही न गेलेले.

"आज दिसलं होय तुला?" एदुलियाआजी तिच्या कानाशी पुटपुटली. "अगं, दर वेळी. तू वेदीकडे तोंड करून उभी, तुला कसं दिसणार! पायरीच्या खाली, उघड्यावर, गुडघे टेकून बसतो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत. तू वळायच्या आत उठून दोरीपाशी जातो."

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"जो सांगेल त्याच्या मयताला घंटा वाजवणार नाही म्हणाला. या वयात कोण ती जोखीम घेणार, बाई!"

नोल्फाला विडी आठवली. किती वेळा, किती चवीनं विचारलं होतं तिनं! शरमेनं तिचे कान तापले. ती तडक काकांकडे गेली.

"काका, मग आत का नाही येत?"

काका किल्ली पुन्हा कमरेला अडकवत होते. "ज्याच्यासाठी हात वर केला नाही त्याच्या मागं बाकावर जाऊन बसणं ही लबाडी," ते म्हणाले. "आणि माउलीसमोर गुडघे न टेकणं हे पाप. मग राहिलं काय? चिखल. जा आता, बटाटे काळे पडतील."

नोल्फाला वाटलं, विरोध करणारा असावा तर असा असावा. आपल्या बाजूनं हात वर करणारे सगळे एकीकडे आणि हा खाली राहिलेला हात एकीकडे.

दुसऱ्या दिवशी भर उन्हाळ्यात पावसानं गाठलंच. व्हायोलिन आणि ढोल पुढं, माउलीची मूर्ती खांद्यावर, आणि सगळ्यांच्या पुढं क्रूस घेऊन नोल्फा. चर्चला फेरी घालून लोक आत शिरले. नोल्फा मात्र दारात थांबली. घरून आणलेलं मेंढीचं जाड कातडं तिनं पायरीखालच्या चिखलावर लोकर वर करून पसरलं. काका दोरी धरून बघत होते.

"हे काय? माझे गुडघे म्हातारे झालेत वाटतं?"

"तुमचे नाही, विजारीचे," नोल्फा म्हणाली आणि आत गेली.

तिनं वेदीकडे तोंड केलं आणि माउलीचं गाणं धरलं. सावकाश, एकेक शब्द दारापर्यंत पोहोचेल असं. शेवटचं आमेन झाल्यावरही ती लगेच वळली नाही. म्हाताऱ्याला उठायला वेळ दिला.

बाहेर आली तेव्हा काका नेहमीसारखे उभे होते, पायरीखाली काही नव्हतं. कातडं झटकून त्यांनी दोरीशेजारच्या खिळ्यावर टांगलं होतं, पुढच्या रविवारसाठी. त्याच्या लोकरीत गुडघ्यांचे दोन खळगे अजून तसेच होते.