ब्रॉडचा हात

“लुर्दिंग, बर्फ आण गं! आणि लिंबं कुठं गेली?”

पाल्मारेससाहेबांच्या अंगणात त्यांच्या कॉलेजातल्या बंधुसंघाचा मेळावा होता, आणि आम्ही पाणीपुरवठा कार्यालयातल्या बायका रविवार असून वाढायला उभ्या होतो. ‘यायचं हं सगळ्यांनी,’ असं साहेब शुक्रवारी हसत म्हणाले होते. साहेबांचं हसणं म्हणजे हुकूमच.

टेबलावर अख्खं भाजलेलं डुक्कर आणि भोवती सगळे ‘ब्रॉड’, म्हणजे संघातले मानलेले भाऊ. जज्ज ब्रॉड, डॉक्टर ब्रॉड, रस्त्यांचा ठेकेदार ब्रॉड. कॉलेजात असताना एकमेकांच्या मांड्या फळीनं काळ्यानिळ्या करायच्या, आणि मग जन्मभर एकमेकांना धरून वर चढायचं. एकानं ठेका द्यायचा, दुसऱ्यानं घ्यायचा, तक्रार आली तर तिसऱ्यानं निकाल द्यायचा, आणि वर्षातून एकदा तिघांनी मिळून एका डुकरावर ताव मारायचा. आम्ही फिलिपिनो, त्यातून इलोइलोकर, ह्यात काही नवल मानत नाही. मीही मानलं नसतं, माझ्या खुर्चीवर गदा आली नसती तर.

अभियांत्रिकी विभागाची प्रमुख मी होते, पण ‘प्रभारी’. माझे केस काळे होते तेव्हा ती पाटी लागली, आणि केस पांढरे झाले तरी तो शब्द काही निघाला नाही. शेवटी गेल्या वर्षी मुलाखती झाल्या. माझ्या आधी रोमेल दुमांकास नावाचा तरुण आत गेला. दार उघडंच होतं. त्यानं साहेबांशी हात मिळवला, अंगठा त्यांच्या दुसऱ्या बोटाच्या सांध्यावर दाबला आणि हात तसाच धरून ठेवला. साहेबांचा चेहरा असा खुलला, जणू हरवलेला मुलगाच सापडला.

“कुठली बॅच, ब्रॉड?”

झाली मुलाखत! मला मात्र विचारलं, रात्रीबेरात्री पाइप फुटला तर बाईमाणसाला जमेल का? मला! ह्या शहरातले निम्मे पाइप माझ्या अंगावर फुटलेत. तळपायाची आग मस्तकाला गेली, पण ‘जमेल सर’ म्हणून बाहेर आले. खुर्ची रोमेलला गेली, आणि त्याला काम समजावून द्यायला मी राहिले.

तर त्या रविवारी मी बर्फ घेऊन आले तेव्हा दुबईहून आलेला बोयेत नावाचा ब्रॉड सगळ्यांना मिठ्या मारत होता. रोमेलपाशी आला आणि थबकला.

“हा इथं काय करतोय?”

“अरे, तुझ्याच बॅचचा ना?” साहेब म्हणाले. “माझा विभागप्रमुख!”

“कसला माझ्या बॅचचा! पळपुटा आहे हा. दीक्षेच्या शेवटच्या रात्री पळाला. हा ब्रॉड नाही!”

रोमेलनं हातातली ताटली खाली ठेवली.

“पळालो नाही. माझ्यासोबत मार खाणाऱ्या जुनींगला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. त्याला लघवीतून रक्त जात होतं.”

“तेच म्हणतोय मी,” बोयेत म्हणाला. “विधी पुरा केला नाहीस ना?”

साहेब लालबुंद झाले. “माझ्या घरात येऊन, माझं अन्न खाऊन फसवतोस मला? मी तुला ब्रॉड म्हटलं रे!”

एवढी शिकलेली माणसं होती तिथं, एक तर चांगला डॉक्टर. एकानं तरी विचारावं? शेवटी मीच विचारलं, “मग तो पोरगा वाचला का?”

“लुर्दिंग,” साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “बर्फ.”

दुसऱ्या दिवशी रोमेल माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी मान वर केली नाही.

“मनांग, रागावलात?”

“मनांग म्हणू नकोस मला. थोरल्या बहिणीची खुर्ची कुणी पळवतं का? फळीचा मार अर्धाच खाल्लास, पण हात बरा पुरा शिकलास!”

“हात मी नुसता पुढं केला, मनांग. खुर्ची त्यांनी दिली.”

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

“जुनींग वाचला,” तो जाता जाता म्हणाला. “शाळेत शिकवतो. माझ्याशी बोलत नाही. त्यालाही ब्रॉड व्हायचं होतं, मी होऊ दिलं नाही म्हणतो.”

दुपारी साहेबांचं बोलावणं आलं. “बसा ना, मनांग. चहा घेणार?” चारचौघांत बर्फ आणणारी लुर्दिंग, आणि काम अडलं की मनांग! मी ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

“रोमेलची कच्च्या नेमणुकीची मुदत ह्याच महिन्यात संपते,” ते म्हणाले. “संचालक मंडळापुढं तुम्ही एवढंच सांगायचं, की त्याला काम जमत नाही. मग जागा तुमचीच. प्रभारी नाही, कायमची. मी शब्द देतो.”

“पण त्याला काम जमतंय, सर.”

“मनांग, खोटं बोलून घुसलाय तो.”

“मग तसंच सांगा ना मंडळाला.”

“कसं सांगणार? काय खोटं बोलला म्हणून सांगू?” हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! ‘ह्यानं हात दाबला म्हणून मी नोकरी दिली,’ हे मंडळापुढं सांगता येतंय होय?

मला ती जागा हवी नव्हती असं कुणी समजू नये. मला ती फार हवी होती. सेवेची दोनच वर्षं उरली होती, आणि ‘प्रभारी’ म्हणून निवृत्त व्हायच्या विचारानं मला रडू यायचं. घरी बहीण म्हणाली, “बोलून टाक की! तो काय तुझा सगा लागतो? त्यानं तुझा विचार केला होता?” नव्हता केला. मंडळाच्या खोलीत गेले तेव्हा ‘जमत नाही, सर’ हेच शब्द तोंडात घोळवत गेले होते.

अध्यक्ष म्हणाले, “बोला, बाई. डोंगराकडच्या वस्तीत पाण्याची बोंब आहे म्हणे, दुमांकास आल्यापासून?”

बोंब! तिथल्या बायका माझ्या कारकिर्दीत पहाटे हंडे घेऊन खाली उतरायच्या. रोमेलनं जुनी वाहिनी दोन ठिकाणी तोडून नव्यानं जोडली, आणि आता सकाळी त्यांच्या घरात नळ वाहतो. साहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते, शाळेतल्या पोराला उत्तर सुचवावं तसे. माझं डोकंच फिरलं.

“खोटं आहे ते, सर. वरच्या वस्तीला पाणी मिळतंय ते ह्या पोरामुळंच. मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.”

अध्यक्षांनी पुढ्यातला कागद बाजूला सारला.

“मग अडचण काय आहे?”

“तो ह्यांचा ब्रॉड नाही, एवढीच. तो जर गुन्हा असेल तर मीही गुन्हेगार. मीही कुणाची ब्रॉड नाही.”

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. ते साहेबांकडे बघत होते, आणि साहेब त्यांच्याकडे. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की रविवारी जज्जसाहेबांच्या शेजारी बसून डुकराचा कान मागणारे ते हेच.

रोमेलला कायम केलं नाही. ‘विश्वासास पात्र नाही’ असं कारण दिलं. जायच्या आधी तो माझ्यापाशी आला आणि ‘मनांग’ म्हणून वरच्या वस्तीच्या वाहिनीचा नकाशा त्यानं माझ्यापुढं ठेवला. मी म्हटलं, “जा आता, जेवून घे.” माझा राग गेला नव्हता, पण तो त्याच्यावर फार उरलाही नव्हता.

पंधरवड्यानं साहेब एका गोऱ्यागोमट्या पोराला घेऊन माझ्या टेबलापाशी आले. मुलाखत कधी झाली ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

“लुर्दिंग, हे तुमचे नवे विभागप्रमुख. ह्यांना काम शिकवा.”

मी जेवणाचा डबा उघडत होते.

“मला नाही येत, सर.”

“काय?”

“काम. मला नाही येत. येत असतं तर ही जागा मला नसती का मिळाली?”

साहेब सगळं कार्यालय ऐकतंय हे पाहून केबिनमध्ये निघून गेले. दार आपटल्याचा आवाज आला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कुठंतरी पाइप फुटला असणार. पोरानं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मॅम... काय सांगायचं असतं?”

मी सुक्या माशावर व्हिनेगर शिंपडलं, भाताचा घास केला आणि सावकाश चावत बसले. फोन वाजतच राहिला.