पंचेचाळीस फेऱ्या

मी एका बँडचा पहिला अल्बम बोलतोय. नीट आठवतंय की नाही, याची माझी मलाच खात्री नाही. तबकडीवर चरे पडले की आठवणीही उड्या मारतात. चुकलो तर सांभाळून घ्या.

गाणारी ताई, गिटार वाजवणारा तिचा धाकटा भाऊ आणि ड्रम बडवणारा त्यांचा लठ्ठ मित्र ढोल्या, अशी ही तिघं. एका गॅरेजात त्यांनी सहा गाणी बसवली, तीही उधळलेल्या घोड्यासारखी. कारखान्यातून माझ्या तीनशे प्रती निघाल्या. पण तिघांपैकी कुणाच्याच घरी रेकॉर्ड प्लेयर नव्हता. त्यांनी मला कुरवाळलं आणि एका समीक्षकाकडे पाठवलं.

त्याने सुई टेकवली आणि मी हादरलो. माझ्यातून कुणी पेंगुळलेला पुरुष गात होता. मला वाटलं, आपण असेच असू. समीक्षकाने पेपरात लिहिलं, 'गायक घोगरा, चाल गोगलगायीची.' मग त्याने मला जुन्या रेकॉर्डच्या दुकानात देऊन टाकलं. तिथे मी पंचवीस वर्षं खोक्यात उभा होतो.

एके दुपारी केस पिकलेली एक बाई आली. मला बघून थबकली.

"हा आमचा," ती दुकानदाराला म्हणाली.

"लावू?"

"नको हो. पेपरात वाचला तेवढा पुरे. मला चक्क 'गायक' म्हटलं होतं. धाकट्याने गिटार विकली, मी गाणं सोडलं."

त्याने तरीही लावला. ताई ऐकत राहिली.

"हा कोण रेकतोय?"

"तुम्हीच ना?"

"मी? म्हशीला सर्दी झाल्यासारखी?"

दुकानदाराने माझ्यावरचं लेबल पाहिलं. मिनिटाला तेहेतीस फेऱ्या, असं छापलं होतं. त्याने वेगाचं बटण पंचेचाळीसवर सरकवलं.

तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. धारदार, बाईचा, माझा! ताईने टेबलाची कड घट्ट धरली.

"पंचवीस वर्षं," ती हळूच म्हणाली, "मी आंघोळ करतानाही गुणगुणले नाही."

मला घरी नेताना ती वाटभर कारखान्याला शिव्या घालत होती. "मेल्यांनी लेबल चुकवलं आणि गळा माझा कापला."

पुढे काही वर्षांनी कारखाना बंद पडला आणि तिथले जुने कागद तिने मागून आणले. त्यातली एक चिठ्ठी आता माझ्या वेष्टनात आहे. छपाईआधी नमुन्याची प्रत तिघांकडे तपासायला आली होती. चिठ्ठीवर लिहिलंय, 'ऐकली. लेबल बरोबर आहे.' खाली तिघांच्या सह्या आहेत. अक्षर ताईचं आहे.